क्योतोच्या जत्रेत रस्त्यावरचं खाणं टाळू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जपान ट्रिपवर लेख आलेला, तो मी दोनदा वाचला कारण आमचा मुलगा ओसाकाला नोकरीला आहे आणि मागच्या जुलैत आम्ही तिकडे महिनाभर राहून आलो. लेख तसा चांगला होता, ट्रेनचं कार्ड कसं घ्यायचं, हॉटेल कुठल्या भागात बघायचं सगळं होतं, पण शेवटी जो सल्ला दिलाय की उत्सवाच्या दिवसांत गर्दीत शिरू नका, रस्त्यावरच्या स्टॉलवर खाऊ नका आणि शाकाहारी माणसाने तर तिकडे फिरकूच नका, तो मला अजिबात पटला नाही. मी स्वतः खाऊन आलेय म्हणून लिहितेय. पत्र लांबेल, छापताना काटछाट करावी लागली तर करा पण खाण्याचा भाग ठेवा ही विनंती.

आधी जाऊबाईंचं सांगते. आमच्या मोठ्या जाऊबाई तीनेक वर्षांपूर्वी एका टूरबरोबर जपानला जाऊन आल्या, नेमक्या जुलैच्या मध्याला क्योतोत होत्या. हॉटेलच्या खिडकीतून त्यांना कंदिलांच्या उतरंडी दिसत होत्या, खालून झांजांचा आवाज येत होता, पण टूर मॅनेजर म्हणाला आज बाहेर फार गर्दी आहे आणि खाणं सेफ नाही, आणि सगळ्यांना बसने एका इंडियन रेस्टॉरंटला नेऊन पनीर आणि नान खायला घातलं. घरी आल्यावर फोटो दाखवताना त्या म्हणाल्या, "अगं, खाली त्यांची जत्रा चालली होती आणि आम्ही वर बसून घरून नेलेले थेपले संपवत होतो." आषाढीला पंढरपुरात जायचं आणि लॉजची खिडकी लावून बसायचं, तसंच की हे. टूरवाल्याचं नाव घेत नाही, माणसं सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर असते हे मलाही कळतं, पण ते थेपल्यांचं वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून या खेपेला आम्ही जाऊबाईंना हट्टाने बरोबर नेलं. त्या पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी चिपळूणची, मासे खाणारी. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

ही जत्रा म्हणजे क्योतोची गिऑन मात्सुरी. यासाका देवळाचा उत्सव, अख्खा जुलै चालतो. सुरुवात इसवी सन ८६९ ची, तेव्हा साथीचे रोग पसरले होते आणि ते शांत व्हावेत म्हणून देशातल्या ६६ प्रांतांचे ६६ भाले उभे करून देवाला साकडं घातलं होतं, त्यातून पुढे हे मोठमोठे रथ आले. आता ३४ रथ आहेत, १७ जुलैला एक मिरवणूक निघते आणि २४ ला दुसरी. आणि गिऑन हे नाव कुठून आलं माहितीये का, श्रावस्तीचं जेतवन, जिथे गौतम बुद्ध वर्षावासाला राहायचे, त्या जेतवनाचं जपानी नाव गिऑन शोजा. मुलाने हे सांगितलं तेव्हा मला एकदम घरचं वाटायला लागलं.

पण मला सगळ्यात जास्त भिडली ती या देवाची गोष्ट. देव प्रवासात असतो, रात्र होते, तो एका श्रीमंत माणसाकडे मुक्कामाला जागा मागतो, तो देत नाही. मग त्याचाच गरीब भाऊ सोमिन शोराई देवाला घरात घेतो आणि जे होतं ते वाढतो. काय होतं, तर राळ्याचा भात. आपल्याकडे पूर्वी गरिबाघरी राळे शिजायचे तेच धान्य. देव खूश होऊन सांगतो की साथ येईल तेव्हा तुझ्या वंशाचे लोक वाचतील. म्हणून आजही त्या दिवसांत क्योतोतले लोक 'आम्ही सोमिन शोराईचे वंशज' असं लिहिलेली चिमाकी, म्हणजे बांबूच्या पानांची पुरचुंडी, दारावर टांगतात. एवढा मोठा उत्सव, आणि त्याच्या मुळाशी काय तर गरिबाने अनोळखी पाहुण्याला वाढलेलं जेवण. आणि त्याच उत्सवात जाऊन तुम्ही लोकांना सांगताय की रस्त्यावर कुणी काही दिलं तर खाऊ नका!

मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी असतात त्यांना योइयामा म्हणतात, १४, १५ आणि १६ जुलै. खायला जायचं तर १५ किंवा १६ ला जा, कारण हे दोन दिवस संध्याकाळी ६ पासून रात्री ११ पर्यंत शिजो आणि करासुमा हे मोठे रस्ते गाड्यांना बंद करतात आणि स्टॉल तेव्हाच लागतात. २४ च्या मिरवणुकीच्या आधीही अशा संध्याकाळी असतात पण तेव्हा स्टॉल नसतात, ते बघायला छान, शांत, पण उपाशी परत याल. आम्ही १६ ला गेलो. उकाडा असा की आपला कोकणातला मे बरा. क्योतो डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत आहे, हवा हलत नाही, रुमाल पिळायला लागतो. रथांवर बसलेले लोक ते कोन्चिकिचिन कोन्चिकिचिन वाजवत असतात (त्या वाजवण्याला लोकही याच नावाने ओळखतात) आणि खाली माणसांचा समुद्र, युकाता म्हणजे सुती किमोनो घातलेल्या पोरी, बापाच्या खांद्यावर लेकरं, पोलीस भोंग्यावरून सगळ्यांना एकाच दिशेने चालवतायत. गल्ल्यांमध्ये वन-वे असतो, माणसांचा. मागे वळता येत नाही, त्यामुळे एखादी गाडी आवडली तर तिथल्या तिथे थांबायचं, नंतर येऊ म्हटलं की गेली ती.

पहिलं खाल्लं ते ताकोयाकी. आपलं आप्पेपात्र असतं ना, तसलीच पण खूप मोठी पात्रं, एका वेळी पन्नासेक गोळे, आणि तो माणूस दोन टोच्यांनी ते इतक्या भराभर फिरवतो की हात दिसत नाहीत. आत ऑक्टोपसचा तुकडा, पातीचा कांदा, लाल आलं, वर काळपट गोडसर सॉस, मेयोनीज आणि सुक्या माशाचा पापुद्र्यासारखा कीस, कात्सुओबुशी, तो वाफेने वळवळतो. मला तर त्या वासाने एकदम सुकट भाजल्याची आठवण आली. आप्पे बाहेरून आतून सारखे असतात, हे तसं नाही, वरून जरा कडक आणि आत जवळजवळ पातळच, त्यामुळे तोंड भाजतं, अख्खा टाकू नका, आधी टोचून वाफ जाऊ द्या. आठ गोळ्यांना ६०० येन, म्हणजे आपले साडेतीनशेच्या आसपास. हा पदार्थ फार जुना नाही बरं का, १९३५ साली ओसाकात एंदो तोमेकिची नावाच्या गाडीवाल्याने काढला. ते आधी त्यात गोमांस घालायचे, मग आकाशी गावच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की आमच्याकडे ऑक्टोपस घालतात आणि तिथून हे झालं. गिऱ्हाईक बोललं आणि गाडीवाल्याने ऐकलं, म्हणून आज अख्खा देश ते खातोय, हे मला फार आवडलं.

मग माकूल. काठीला अख्खी लावून कोळशावर भाजलेली, वर सोया सॉसचा हात. आपण माकूल तिखटात परततो, हे लोक भाजतात आणि खरं सांगते, ताजी असेल तर भाजलेलीच चांगली लागते, चावायला जरा जड पण गोडवा कळतो. आमच्या ह्यांनी दोन खाल्ल्या. याकिसोबा पण घेतलं, लोखंडी तव्यावर कोबी आणि मांस घालून परतलेल्या नूडल्स, ते आपल्या चायनीजच्या गाडीसारखंच, त्याचं फार कौतुक मी करणार नाही. एका जुन्या हॉटेलाच्या बाहेर हामो मिळत होता, हा वाम जातीचा मासा, काट्यांनी भरलेला, त्याला चिरा इतक्या बारीक देतात की एका इंचाच्या आसपास वीसच्या वर काप बसतात म्हणे, तोंडात काटा लागतच नाही. क्योतो समुद्रापासून लांब, पूर्वी उन्हाळ्यात मासे पोचेपर्यंत खराब व्हायचे पण हामो चिवट, जिवंत पोचायचा, म्हणून या उत्सवाला हामोचा उत्सवसुद्धा म्हणतात. ज्यांनी पाला माशाचे काटे काढत दुपार घालवलीये त्यांना या कामाची किंमत कळेल.

आता शाकाहारी लोकांचं, कारण लेखातलं तेच वाक्य मला जास्त लागलं. जाऊबाई उपाशी राहिल्या नाहीत. पण डोळे उघडे ठेवून खावं लागतं हेही खरं, उगाच सगळं चालतं असं मी म्हणणार नाही. ताकोयाकी आणि ओकोनोमियाकी (कोबी घातलेलं जाड धिरडं) वरचा माशाचा कीस काढून टाकला तरी पिठातच माशाचं पाणी असतं, म्हणजे दाशी, तेव्हा ते सोडूनच द्या. याकिसोबातलं मांस काढायला सांगितलं तरी तवा तोच. पण भाजलेलं कणीस आहे! सोया सॉस लावून भाजतात, कधी बटर, आणि तो सॉस जाळावर करपल्यावर जो वास सुटतो त्याला तोड नाही. जाऊबाईंनी पर्समधून लिंबू-तिखट काढलंच होतं पण एक घास खाऊन परत ठेवलं. मग जागाबाता, म्हणजे उकडलेला मोठा बटाटा, चीर पाडून त्यात बटर, वर काय घालू विचारतात तेव्हा फक्त मीठ म्हणायचं. आणि मिताराशी दांगो, तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे काडीला लावून भाजतात आणि वर सोया सॉस आणि साखरेचा दाट पाक. जाऊबाई म्हणाल्या, "ही तर आपल्या मोदकाची पारी." आणि खरंच तसंच, उकडीच्या मोदकाची उरलेली पारी आपण लहानपणी गोळा करून खायचो तशी चव, फक्त जास्त चिवट. हे दांगो क्योतोचेच, शिमोगामो देवळाच्या तळ्यात पाण्याचे बुडबुडे येतात त्यांची आठवण म्हणून काडीला पाच गोळे लावतात असं सांगतात. पाकात कोणी कोणी दाशी घालतं म्हणून मुलाने आधी विचारलं, त्या बाईने स्वच्छ सांगितलं नाही घालत. विचारलं की सांगतात हो, मराठीत विचारलंत तरी हातवारे करून सांगतील.

काकडीचा किस्सा सांगायलाच हवा. एका गाडीवर बर्फात ठेवलेल्या अख्ख्या काकड्या, खारवलेल्या, काडीला लावून. जाऊबाईंचा जीव तिच्यावर गेला, त्या उकाड्यात कोणाचाही जाईल. मुलगा म्हणाला, "काकू, ही नको." दोन कारणं सांगितली. एक म्हणजे यासाका देवळाचं जे चिन्ह आहे ते काकडीच्या चकतीसारखं दिसतं, म्हणून देवळाला मानणारे क्योतोतले जुने लोक अख्खा जुलै काकडी खात नाहीत. आपण चातुर्मासात वांगं सोडतो तसंच. दुसरं कारण, २०१४ साली शिझुओका शहरात आतषबाजीच्या जत्रेत अशीच थंड काकडी खाऊन पाचशेच्या वर लोक आजारी पडले होते, कच्चा माल, न शिजवलेला. म्हणजे धोका तिथेही असतो आणि मी तो लपवत नाही. पण त्यावरून सगळ्याच गाड्या बंद करा असं तिथे कोणी म्हटलं नाही, कच्चं काय विकायचं आणि शिजवलेलं काय यावर लोक जास्त काटेकोर झाले. जाऊबाईंनी काकडी खाल्ली नाही. म्हणाल्या, त्यांच्या देवाच्या दारात आलोय, त्यांचा नेम पाळू.

काकडीऐवजी रामुने घेतलं आणि ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गोटी सोडा! तीच बाटली, तीच गळ्यात अडकलेली काचेची गोटी, तोच फट्‌ आवाज. ही बाटली हिराम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट केली, ती इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली आणि जपानलाही पोचली, आपल्याकडे गोटी सोडा झाला आणि तिकडे लेमोनेडचं रामुने झालं. हे लहानपणी स्टँडवर प्यायचे त्याला पन्नास वर्षं झाली असतील. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी दोन बाटल्या संपवल्या आणि गोटी मिळेल का विचारत होते. बर्फाचा गोळाही आहे, काकिगोरी, पण काडीवर नाही, वाटीत, आणि बर्फ इतका बारीक किसलेला की खरवडलेल्या ताज्या नारळासारखा. लाल हिरवे निळे रंग असतातच पण तुम्ही उजीच्या चहाचा आणि गोड लाल चवळीचा घ्या, ती अझुकी म्हणजे जवळपास पुरणच.

आणि पुरणावरून आठवलं, हे तर प्रत्येक मराठी माणसाने करायलाच पाहिजे असं माझं मत आहे. जत्रेच्या गर्दीच्या आधी दुपारीच यासाका देवळाच्या दगडी पायऱ्यांपासून दक्षिणेला थोडं चाला, तिथे कामेया कियोनागा नावाचं मिठाईचं दुकान आहे, १६१७ पासूनचं. तिथे सेइजो कांकिदान नावाची मिठाई मिळते. पुरचुंडीसारखा आकार, वर आठ पाकळ्यांची गाठ, आत लाल चवळीचं पुरण त्यात चंदन, दालचिनी अशी सात सुगंधी द्रव्यं मिसळलेली, आणि तिळाच्या तेलात तळलेली. कोणाचा नैवेद्य आहे हा, तर कांगितेनचा, म्हणजे जपानातल्या गणपतीचा! भारतातला मोदक चीनमार्गे बौद्ध भिक्षूंबरोबर हजार बाराशे वर्षांपूर्वी तिकडे गेला त्याचं हे रूप. जत्रेचा पदार्थ नाही हा, स्टॉलवर मिळत नाही, पण जत्रेच्या गल्लीपासून काही मिनिटांवर आपला तळणीचा मोदक बसलाय आणि आपली माणसं बसमधून पनीर खायला जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. जाऊबाईंनी तो हातात घेऊन आधी कपाळाला लावला. कवच फार कडक असतं, दाताने फोडू नका, हाताने मोडा. पहिल्या घासाला देवघराचा वास येतो.

स्वच्छतेबद्दल लेखात शंका होती म्हणून जे पाहिलं तेवढं सांगते. लोक चालता चालता खात नाहीत, गाडीच्या बाजूला उभं राहून खातात आणि काडी, डिश परत तिथेच देतात. गिऑनमध्ये कचरा इतका व्हायचा की २०१४ पासून तिथल्या लोकांनी धुऊन परत वापरायच्या प्लेटा आणल्या, पहिल्याच वर्षी दोनेक लाख, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर तरुण मुलंमुली उभी असतात, हे इथे टाका ते तिथे टाका म्हणून ओरडत. आम्ही सातआठ डिश संपवल्या त्या सगळ्या अशाच दिल्या. आणि प्रत्येक जाळ असलेल्या गाडीखाली लाल फायर एक्स्टिंग्विशर. ते उगाच नाही, २०१३ मध्ये क्योतो प्रांतातल्याच फुकुचियामा शहरात आतषबाजीच्या जत्रेत एका गाडीवाल्याने जनरेटरजवळ पेट्रोलचा डबा उघडला आणि भडका उडाला, तीन माणसं गेली, पन्नासच्या वर भाजली. त्यानंतर पुढच्या वर्षी नियम झाला की जाळ असेल तर एक्स्टिंग्विशर हवाच. गाड्या हटवल्या नाहीत, गाड्या सुरक्षित केल्या. आपल्याकडे दर गणपतीत आणि दर यात्रेत फेरीवाले ठेवायचे की उठवायचे यावर तुमच्याच पेपरात बातम्या येतात, ज्यांच्या हातात ते आहे त्यांनी एकदा ही करासुमाची संध्याकाळ बघून यावी असं मला वाटतं.

तर माझी विनंती एवढीच, पुढच्या वेळी जपानवर छापाल तेव्हा जुलैची १५ आणि १६ तारीख ठळक छापा. हॉटेल आधी सहा महिने बघावं लागतं, क्योतोत नाही मिळालं तर ओसाकात राहा, ट्रेनने अर्ध्या तासाचा रस्ता आहे आणि आम्हीही तसंच केलं. सुट्टे येन जवळ ठेवा, बऱ्याच गाड्यांवर रोखच लागते. टॉवेल घ्या. म्हाताऱ्या माणसांना सहा वाजताच न्या, आठनंतरची गर्दी त्यांना झेपणार नाही. आणि टूरवाल्यांनाही सांगा की लोकांना निदान एक तास मोकळं सोडा.

चिमाकीचं मघाशी राहिलं. बांबूच्या पानांत गुंडाळलेली असते, अगदी खाऊ वाटते, त्या नावाचा खायचा पदार्थ पण आहे, पण रथाजवळ मिळते ती खायची नसते, सोडून बघाल तर आत काही नाही. लहान लहान मुलं गाणं म्हणत विकत असतात. आम्ही दोन आणल्या, एक आमच्या दारावर तोरणाच्या शेजारी आहे आणि एक जाऊबाईंच्या. वर्षभराने जुनी परत देवळात द्यायची आणि नवी घ्यायची असते. जाऊबाईंनी पासपोर्ट रिन्यूला टाकलाय.

आपली,
एक नियमित वाचक,
डोंबिवली